ऑप्शनले टाकलेलं कन्व्होल्यूशन

४ सप्टेंबर

तिसरं पुस्तक. तिसरं भैताड!

मन्सूरभाईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं. "सिग्नल्स अँड सिस्टिम्स का इससे आसान किताब पूरे यवतमाळ में नही मिलेगा बेटा." बरं. उघडलं. पहिल्या पानावर लेखकाचा टाय लावलेला फोटो. मग आईवडिलांले अर्पण, मग बायकोचे आभार, मग प्राचार्यांचे आभार. आणि चौथ्या पानावर डायरेक्ट "हे उघड आहे की" — खाली हातभर लांब इंटिग्रल! कोणाले उघड आहे बाप्पा? तुह्या बायकोले?

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या हिवाळी परीक्षेत सिग्नल्स निघाला नाही तर वायडी. वर्ष गेलं. माह्या वर्गातले सारे पुढं जातीन आणि मी ज्युनियर पोट्ट्याईच्या बाकावर जाऊन बसन. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नाही होणार. मले फक्त एक धड पुस्तक पाहिजे. एक!

७ सप्टेंबर

फरहासोबत वाजलं.

एका खोलीत दोघी राहतो, दोघींचा सिग्नल्स अडकलेला, मग पुस्तक एकच घेऊ असं ठरलं होतं. तर ही बया गाईड घेऊन आली! लाल-पिवळं कव्हर, वर "१०० टक्के पास". म्हटलं हे पुस्तक आहे का फटाक्याचं पाकीट? म्हणते, "यार दिपाली, पास होनेसे मतलब. पेपर तपासणारेबी हेच पाहून तपासते."

तिच्या अब्बाचं आर्णीले गॅरेज आहे. मी विचारलं, तुह्या अब्बाईनं इंजिन न उघडता गाडी दुरुस्त केली तर चालन का? तर म्हणे, "गिऱ्हाईकाले गाडी चालू पाहिजे, इंजिनचं लेक्चर नाही."

बोलायले मोठी पटाईत आहे. डोस्क्यात मात्र भुसा.

८ सप्टेंबर

गाईडात एक गणित चुकलेलं आहे. मी दाखवलं. फरहा म्हणते, "मग मी बी तसंच चुकीन, तपासणारा खूश होईन."

हे इंजिनियर होणार!

१५ सप्टेंबर

मन्सूरभाईच्या दुकानात एक गंमत पाहिली. सिग्नल्सची जुनी पुस्तकं ओळीनं काढून चाळली. सारी पुस्तकं सुरवातीले मळलेली — पेन्सिल, हायलायटर, चहाचे डाग, कोणाच्या तरी नावाचा बदाम. आणि कन्व्होल्यूशनचा धडा आला की पानं एकदम कोरी! जशी काही बाजारातून आताच आणली. पुढं फुरिएपासून पुन्हा मळ सुरू.

कारण सगळ्याईले माहीत आहे. पेपरात "हा सोडवा किंवा तो सोडवा" असं असते. म्हणून एक धडा ऑप्शनले टाकायचा. सीनियर सांगते कोणता, त्याईले त्याईच्या सीनियरनं सांगितलेलं. आमच्या कॉलेजात कन्व्होल्यूशन टाकते. पहिल्यापासून. आणि पुढचं सारं त्याच्यावरच उभं! पाया ऑप्शनले टाकायचा आणि वरचा मजला पाठ करायचा. धन्य ते सीनियर!

मीही टाकला होता. दोन्ही वेळा. म्हणून तर इथं बसली आहे.

या वेळी नाही. या वेळी हाच धडा आधी समजून घेईन, मग बाकीचं.

२३ सप्टेंबर

अमेरिकन पुस्तक आणलं. उशीएवढं जाड. त्यात उदाहरणं हेलिकॉप्टरची आणि शेअर बाजाराची. आमच्या राळेगावात हेलिकॉप्टर निवडणुकीत येते. एक पान वाचलं की त्यातले अर्धे शब्द मोबाईलवर पाहा. बाहेर देवीच्या मंडपात लाऊडस्पीकर फाटेपर्यंत ओरडून राह्यला आणि मी एका वाक्याचा अर्थ लावून राह्यली. वाक्य संपलं तर कळलं की लेखकानं विनोद केला होता.

परत देऊन टाकलं.

२४ सप्टेंबर

चौथंही गेलं. पाचवं फरहानं हातात घेऊ दिलं नाही. "तू पुस्तकं पाहते का पोरं पाहते? एकबी पसंत नाही!"

३० सप्टेंबर

सापडलं!

नेटवर त्याची काही पानं पाहिली. पातळसं, साधं. एका पानावर एकच गोष्ट. आकृती आधी, सूत्र मागून. लेखकाचा फोटो नाही! मी धावतच लायब्ररीत गेली. विमलताईनं कॉम्प्युटरात पाहिलं आणि हसल्या. "आपल्याकडं एकच कॉपी आहे. राजकुमार सरकडं. नेऊन तीन वर्षं झाली."

मी म्हटलं, मागा ना परत.

"मास्तर लोकाईले कोण मागते, पोरी?"

वा! राजकुमार सर. जे आम्हाले सिग्नल्स शिकवते. जे फळ्याकडं तोंड करून लिहिते आणि आम्हाले त्याईच्या शर्टाची पाठ पाठ होते. जे दर वर्षी कन्व्होल्यूशन आलं की म्हणते, "हा धडा तुम्ही घरी करून या." त्याईनं पूर्ण कॉलेजातलं एकमेव धड पुस्तक दाबून ठेवलं! स्वतः त्यातून हुशारी मारायची आणि आम्हाले गाईड. आयत्या बिळावर नागोबा.

३ ऑक्टोबर

स्टाफरूममध्ये गेली. सर डबा खात होते. मी पुस्तक मागितलं.

"ते तुले जड जाईन."

म्हटलं, सर, मले जड का हलकं ते मी पाहते. तुम्ही द्या.

बाजूच्या मॅडमनं वळून पाहिलं. सरचा चेहरा उतरला. उतरू दे. "उद्या आणतो," म्हणाले.

६ ऑक्टोबर

उद्या म्हणजे आज. आणलं एकदाचं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, लहान पोराच्या पुस्तकासारखं.

उघडलं. मले हसावं का रडावं कळेना. पहिला धडा पेन्सिलनं भरलेला, बारीक सुंदर अक्षर. कन्व्होल्यूशन — कोरं! एक रेघ नाही. पुढं पुन्हा पेन्सिल.

सर याच कॉलेजातले. याच बाकावरचे!

७ ऑक्टोबर

आज विचारून टाकलं. व्हरांड्यात, कोणी नव्हतं तवा. "सर, कन्व्होल्यूशन तुम्ही कधी शिकवत काहून नाही?"

सरनं आजूबाजूले पाहिलं, कोणी ऐकत नाही ना ते. मग म्हणाले, "माह्या वेळी मी ऑप्शनले टाकलं होतं. चांगल्या मार्कानं पास झालो. मग इथंच लागलो. आता कोणाले विचारू?"

मनात म्हटलं, घ्या! हे आमचे गुरू. उथळ पाण्याले खळखळाट फार असते, इथं तर पाणीच नाही!

जाताना हळूच म्हणाले, "तुले समजलं तर मले सांगजो. पण वर्गात नको बोलू."

खोलीवर येऊन फरहाले सांगितलं. मले वाटलं ती लोळून लोळून हसन. ती हसली नाही. म्हणाली, "बिचारे. एवढे साल डरते रहे होंगे." बिचारे काय! पगार घेते ना?

१९ ऑक्टोबर

दिवाळीले घरी. दिवसा कापूस वेचू लागते, संध्याकाळी पुस्तक. बाबा म्हणते, "किती राह्यला तुहा तो सिग्नल?" म्हटलं, या वेळी निघतेच. बाबानं शेजाऱ्याले पण सांगून टाकलं. शेजाऱ्याले वाटलं चौकातला सिग्नल.

२२ ऑक्टोबर

आलं! कन्व्होल्यूशन आलं!

एक सिग्नल उलटा करायचा, दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा, जिथं जिथं भेटते तिथं गुणायचं, बेरीज करायची. बस! एवढ्यासाठी अख्खं कॉलेज पिढ्यानपिढ्या घाबरून राह्यलं. मी सातच्या सात गणितं सोडवली. आई म्हणाली, एवढी काहून नाचून राह्यली?

६ नोव्हेंबर

सरले शिकवलं. हाव, मी! रिकाम्या लॅबमध्ये. सर माह्या समोरच्या बाकावर बसले, वही काढली. मी फळ्यावर उलटवलं, सरकवलं, गुणलं. त्याईनं एकेक ओळ उतरवून घेतली. मी मुद्दाम पटापट लिहिलं. कळू दे उलीसं, आम्हाले कसं वाटते ते.

मग म्हणाले, "पण उलटं काहून करायचं?"

म्हटलं, सर, उलटं करायचंच असते. पुस्तकात तसंच आहे.

"हाव, पण काहून?"

बाप्पा रे! सूत्र लावता येत नाही आणि चालले काहून विचारायले. मी डस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, पेपरात ते विचारत नाही. सर "बरं बरं" म्हणाले. वही मिटली नाही.

१४ नोव्हेंबर

फरहा गाईड फाडून धड्याधड्याच्या वेगळ्या पुड्या करून बसली. झेड ट्रान्सफॉर्मची पुडी, लाप्लासची पुडी. किराणा दुकान!

माहं लाप्लास अर्धं झालं. समजून करायचं तर वेळ लागतेच. घोकंपट्टी करणाऱ्याईले काय, दोन दिवसांत पाठ.

२ डिसेंबर

सर व्हरांड्यात भेटले. "बाकीचे धडे झाले ना?" — होतीन, सर. — "झेड सोपं आहे, मी सांगू का?"

म्हटलं, नको.

तुम्ही मले सांगणार!

९ डिसेंबर

पेपर झाला. कन्व्होल्यूशनचं गणित आलं होतं. शंभर टक्के बरोबर, पैजेवर सांगते! हॉलमध्ये कोणीच हात लावला नाही त्याले, साऱ्याईनं त्याच्या बदल्यातलं फुरिए घेतलं. मेंढरं.

झेड सोडून दिलं. लाप्लास जमलं तेवढं लिहिलं. फुरिएचं दुसरं गणित अर्धवट. पण जे लिहिलं ते समजून लिहिलं.

फरहा म्हणते, "मैने तो सब भर दिया." भर बाई. पोतं भरल्यासारखं भर.

२९ जानेवारी

निकाल.

फरहा पास. मी नापास.

३० जानेवारी

फरहानं रात्री जेवण आणून दिलं. काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

बाबाले फोन केला. "वर्ष गेलं बाबा." बाबा म्हणाले, "बरं." आणि फोन तसाच धरून ठेवला. मीही धरून ठेवला. मग चार्जिंग संपली.

मी पुस्तक निवडत बसली. जग पेपर लिहून मोकळं झालं. मले चांगलं पुस्तक कोणतं ते अख्ख्या यवतमाळात कोणाहूनही जास्त कळते. आणि मी नापास!

३ फेब्रुवारी

उद्यापासून ज्युनियरच्या वर्गात. जाणार नव्हती. फरहानं माही बॅग भरून दारात ठेवली.

११ फेब्रुवारी

शेवटच्या बाकावर बसते. पोट्टे वळून वळून पाहते. सर आले तरी मी वर पाहत नाही.

२० फेब्रुवारी

आज धडा दुसरा, कन्व्होल्यूशन. मले वाटलं, आता म्हणतीन घरी करून या. सरनं खडू घेतला आणि पहिल्यांदा आमच्याकडं तोंड केलं. "वावराले कधी पाणी दिलं का कोणी? आज वावर किती ओलं आहे ते सांगा. कालच्या पाण्यातलं उरलेलं, अधिक परवाच्या पाण्यातलं उरलेलं, अधिक तेरवाचं. जे पाणी जितकं आधी दिलं, ते आज तितकं जुनं झालं, तितकं कमी उरलं. म्हणजे मोजताना आजपासून मागं मागं जावं लागते. म्हणून उलटं."

मले हे माहीत नव्हतं. मी वही काढली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.