गिरणीच्या फळ्यावरचे वाढदिवस

आत्याबाई,

चार दिवसांपूर्वी तहसील कचेरीतून पुन्हा रिकाम्या हातानं आले. ती तिसरी खेप. जुन्या नोंदींच्या खोलीबाहेर हल्ली माणसांची ही रांग असते. कुणाला आजोबाची नोंद हवी, कुणाला पणजोबाची, कुणाला दाखल्यासाठी, कुणाला जमिनीसाठी. माझा नंबर आला तेव्हा कारकुनानं विचारलं, "तुम्हाला कशासाठी पाहिजे नोंद?" मी म्हटलं, "सासूबाईंच्या वाढदिवसासाठी." तो चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला. "किती वर्षांच्या झाल्या सासूबाई?" म्हटलं, "त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली." मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माणूस मात्र भला. तुमच्या माहेरच्या गावाचं निजामाच्या काळातलं बाड त्यानं परत एकदा खाली काढलं, उर्दू वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांना हाताला धरून आणलं, आणि आम्ही तिघं त्या पानांवर वाकलो. चाचा बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. "बेटी, इसके आगे के सफे नहीं हैं." तुमच्या जन्माच्या सुमाराची सगळीच पानं गेलेली आहेत. कारकून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका बाई. एवढ्या लांबून वाढदिवस शोधायला आलेलं माणूस म्या पहिल्यांदाच बघितलं." मी वाईट वाटून घेतलं नाही. मला राग आला, आणि राग आला की मी काम सोडत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

कशासाठी एवढा आटापिटा, ते सांगते. सतरा वर्षं झाली, इथं धाराशिवात एका लहानशा दैनिकात मी रोजचा एक चौकोन लिहिते. आजच्या दिवशी इतिहासात काय घडलं, एक विनोद, एक गमतीची माहिती, हवामान, कालच्या सामन्यांचे निकाल. आणि अगदी खाली एक ओळ, जिल्ह्यातल्या कुठल्यातरी साध्या माणसाच्या वाढदिवसाची. कधी येडशीच्या स्टेशनसमोर चहा विकणाऱ्या बाईची, कधी तुळजापुरात भाविकांच्या चपला सांभाळणाऱ्या आजोबांची. पण आता ते पान बाहेरून तयार येणार आहे, सगळ्या जिल्ह्यांना एकच. माझ्या मुलाच्या वयाचे संपादक आहेत, फार अवघडून म्हणाले, "ताई, महिनाअखेरपर्यंत चौकोन तुमचाच." मी भांडले नाही. घरी येऊन एवढंच ठरवलं, की शेवटच्या चौकोनातली शेवटची ओळ तुमची. तुमचा दिवस वर्षात कुठंही पडलेला असो, तो शोधायचा आणि छापायचा. कारण सतरा वर्षं मी जे करतेय, ते मी शिकले तुमच्या गिरणीत.

लग्न होऊन आले तेव्हा बारावी पास सून म्हणून गावात माझं केवढं कौतुक, आणि मला मात्र लाज, की सासू पिठाची गिरणी चालवते. तुम्ही डोक्याला फडकं बांधून, भुवयांपर्यंत पांढऱ्या होऊन, पट्ट्याशेजारी उभ्या. बायका डबे रांगेत लावायच्या, कुणीतरी पायानं आपला डबा हळूच पुढं सरकवायची, आणि मग जी भांडणं लागायची! गिरणीच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून नुसते हातवारे. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एका जुन्या दाराची फळी काळी रंगवून भिंतीला टेकवलीत आणि माझ्या हातात खडू दिलात. "नंबर लिव. ज्येचा डबा आधी आला, त्येचं नाव वर." तुम्हाला स्वतःला आकडे तेवढे यायचे. मी नंबर लिहिले आणि भांडणं थांबली. पण नाव लागलेल्या बायका फळ्याकडंच टक लावून बसायला लागल्या, आणि तुम्ही म्हणालात, "आता वाचायला लागल्यातच तर कायतरी वाचण्याजोगं लिव की."

मग रोज सकाळी तुम्ही चुलीपुढं, मी रेडिओपुढं. मी ऐकलेलं सांगायचे, तुम्ही निवडायचात. कुणा थोर माणसाची जयंती असली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "त्येच्या आईचं नाव काय?" ते मला ठाऊक नसायचं. हवामानाच्या तर दोन ओळी असायच्या, एक रेडिओची आणि एक तुमची. ज्वारीचं पीठ हाताला चिकटायला लागलं की तुम्ही पाऊस सांगायचात, आणि आठातून पाच वेळा चुकायचात, तरी बायका तुमचीच ओळ आधी वाचायच्या. क्रिकेट तुम्ही जन्मात बघितलं नव्हतं. एक गडी बाद झाला की दुसरा येतो, हे मी समजावलं तर म्हणालात, "म्हंजी तितं बी नंबरच हाय." तेव्हापासून निकाल विचारताना तुम्ही विचारायचात, "आपल्या गड्यांचे नंबर किती ऱ्हायले गं?" विनोद तुम्हाला लहान लागायचा. गिरणी चालू असताना बाया तो वाचायच्या आणि तोंडाला पदर लावून गदागदा हलायच्या, आवाज कुणाचाच यायचा नाही. मला ते दृश्य अजून दिसतं. तुम्ही पट्ट्यापाशी उभ्या आहात आणि कोण हसतंय, कोण नाही, ते मोजताय.

एका एक जूनला मी आपल्या मनानं फळ्यावर लिहिलं, 'आज अर्ध्या गावाचा वाढदिवस.' शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या दाखल्यावरही तेच, तुमच्या मुलाच्या दाखल्यावरही तेच. बाया पोट धरून हसल्या. तुम्ही गिरणी बंद केलीत. काय लिहिलंय, ते विचारलंत, आणि तुमचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता खडू जातो हातातून. "मास्तरनं लिवलं म्हणून काय आईनं त्या दिवशी कळा दिल्या व्हय? ह्या पोराला मी पोळ्याच्या दुसऱ्या दिशी जन्म दिला, बैलाच्या शिंगाचा रंग अजून वला व्हता. पूस ते." मी पुसलं. त्या दिवसापासून दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही विचारायला लागलात. लेकरू झालं तेव्हा रानात काय उभं होतं, सण कोणता पुढं होता, चंद्र केवढा होता. त्या सांगायच्या, मी पंचांग घेऊन बसायचे, जुनी पंचांगं देवळातून मागून आणायचे आणि दिवस काढायचे. फळ्यावर जयंत्यांच्या खाली गावातल्या माणसांचे वाढदिवस यायला लागले. साठ-सत्तर वर्षांची माणसं आपलं नाव वाचून घेण्यासाठी गिरणीत यायची. दळण नसतानाही यायची.

आणि ते लोहारकाम करणारे काका. एका दिवशी कुणाचाच वाढदिवस सापडत नव्हता, ओळ मोकळी राहत होती, म्हणून मी त्यांचं नाव ठोकून दिलं. काका धुतलेली टोपी घालून आले, सगळ्यांना शेंगदाणे वाटले. तुम्ही मला कोपऱ्यात घेतलंत. "कुणी सांगितला ह्यो दिवस?" मी म्हटलं, "कुणी नाही. पण बघा की, किती खूश झाले ते." तुम्ही इतक्या शांतपणे बोललात की ओरडला असतात तर बरं, असं मला झालं. "खूश झाला, खरं हाय. पर त्येच्या आईनं दुसऱ्याच दिशी त्येला जन्म दिला की गं. तो दिस तू पुसलास." संध्याकाळी तुम्ही मला त्यांच्या घरी पाठवलंत, खरं सांगायला. मी जन्मात इतकी लाजले नव्हते. काका हसले, म्हणाले, "असू दे सूनबाई, शेंगा गोड व्हत्या." पण पुढं महिनाभर मागं लागून मी त्यांच्या आत्याकडून खरा दिवस काढलाच.

माझा दिवस मात्र मी कधी काढला नव्हता. दिवाळीच्या आधी दोन दिवस तुम्ही कुणाला न सांगता कुठंतरी गेलात. दोन एसट्या बदलून माझ्या माहेरी गेला होतात, हे मला नंतर आईच्या पत्रातून कळलं. वसुबारसेच्या सकाळी मी गिरणीत आले तर फळ्यावर आधीच काहीतरी लिहिलेलं. अक्षरं एवढी मोठी, एवढी वाकडी, की आधी वाचताच येईना. मग कळलं, ते माझं नाव आहे, आणि पुढं 'वाढदिवस'. आईकडून कागदावर लिहून आणलं होतंत, आणि ते बघून बघून रांगोळी काढावी तसं एकेक अक्षर काढलं होतंत. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "रडती कशाला? ढ वाकडा झाला व्हय?" दोनशे रुपयांची साडी दिली असतीत तर मी विसरले असते, आत्याबाई. त्या ढचं मात्र शेपूट कुठं वळलं होतं, ते मी आजही काढून दाखवीन.

परवा संपादक म्हणाले, "ताई, एखादी तारीख टाका ना. सासूबाई तुमच्याच, कोण तपासतंय?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, तपासणारी एक बाई होती, तिच्यासाठीच लिहितेय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून सास्तूरकडं निघाले. तुमची धाकटी बहीण तिकडं असते, भूकंपानंतर वसवलेल्या घरात. तुमच्या माहेरच्यांपैकी आता ती एकटीच राहिलीय. पंच्याऐंशीच्या पुढं असेल, पण नजर तुमच्यासारखीच, समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघणारी. मी केळी पुढं ठेवली आणि विचारलं, "मावशी, आत्याबाईंचा जन्म कधीचा? सण, महिना, काहीही आठवतं का?"

"आक्काचा व्हय? ते मला काय ठाव. म्या तिच्या पाठची," मावशी म्हणाली. "पर तिला ठाव व्हता की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आत्याबाईंना ठाऊक होता? त्यांचा स्वतःचा?"

"व्हय. लग्नाच्या टायमाला आईनं तिला सांगितला व्हता. लई जपायची ती त्यो दिस. दर साली त्या दिशी गुळाचा खडा तोंडात टाकायची, कुणाला न सांगता. मला एकदा बोलली व्हती, पर कवाचा त्यो, ते इसरले बघ." मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुला न्हाय सांगितला?"

"नाही."

"तू इचारलंस का?"

परतीच्या गाडीत मी डोकं पिंजून काढलं. कारण तो गूळ मी बघितलेला आहे, आत्याबाई. तुम्ही गिरणीच्या दाराशी उभ्या होतात, गाल फुगलेला होता, आणि मी चेष्टेनं म्हटलं होतं, "आज काय विशेष?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाय, गोड खावंसं वाटलं." आणि मी खडू घेऊन फळ्याकडं वळले. त्या दिवशी फळ्यावर मी काय लिहिलं, कुणाची जयंती होती, पाऊस होता की ऊन, सामना होता का, काही म्हणजे काही आठवत नाही. एवढं एक आठवलं असतं तर मी दिवस काढला असता. लोहाराला, वाण्याच्या आईला, दहा-दहा वेळा विचारून मी दिवस काढले, आणि घरातल्या बाईनं 'काही नाही' म्हटल्यावर मी लगेच मानलं.

आज दुपारी शेवटचा चौकोन पाठवला. इतिहास, विनोद, माहिती, हवामान, निकाल, सगळं नेहमीसारखं तपासून. खालच्या ओळीत लिहिलं, 'गिरणीत उभं राहून अख्ख्या गावाचे वाढदिवस शोधणाऱ्या माझ्या सासूबाईंना स्वतःचा दिवस माहीत होता. तो विचारायचा माझ्याकडून राहून गेला.' संपादकांचा फोन आला. "ताई, एक ओळ वाढतेय. 'माझ्याकडून' काढलं तर बसतंय बघा." मी म्हटलं, विनोद काढा, हवामान काढा, पाहिजे तर निकाल काढा, तो शब्द राहील. विनोद काढतो म्हणाले.

ही ओळ वाचून लोक म्हणतील, बाई कामात असेल, तेव्हा राहून गेलं असेल. छापील ओळीत ते तसंच राहू दे. हे पत्र काही कुठं जायचं नाही, वहीतच राहील, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी कामात नव्हते. अकरा वर्षं तुमच्यासमोर उभं राहून गावभराचे जन्म लिहिले, पण तुम्हीही कधी जन्मला असाल, कुणाचं तरी लेकरू असाल, हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटायचं, तुम्ही पहिल्यापासून सासूच आहात.