पेल्यात काय होतं

चि. धाकटीस, तुझ्या ताईचे आशीर्वाद, अजून चालत असतील तर.

दोन मार्च, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तुझ्या सुनेने चारचौघांत माझ्या हातातला पेला काढून घेतला.

हा अपमान मी इथे दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत तारीख-वेळेसकट सांगितला. हो, अशा बैठकीला जाते मी. तुला आजच कळतंय. प्यावंसं वाटलं की आधी बैठकीतल्याच, नेमून दिलेल्या जोडीदाराला फोन करायचा, असा नियम आहे. माझे जोडीदार नळदुरुस्ती करतात. ते म्हणाले, "बाई, सगळं सांगितलंत. पेल्यात काय होतं ते राहिलं."

सगळे हसले. मी तणतणत दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. शाळेत नन्सनी शिकवलेलं ताठ बसणं जमलं. मान काही वर होईना.

दारू सोडून एकेचाळीस दिवस झाले. झोप लागते. हात थरथरत नाही, अक्षर बघ. तुझा गुडघा कसा आहे?

पेला गेल्यावर मी त्या पोरीला काहीतरी बोलले. ती रडत आत गेली, एवढंच आठवतं. माफी मागायची, तर कशाची ते कळायला नको?

तिला विचारून शब्दन् शब्द लिहून पाठव. मला सांभाळून घेऊ नकोस. जन्मभर तेच केलंस. फोन नको, फोनवर मी वाद घालते. पत्र वीस तारखेच्या आत हातात पडलं पाहिजे. एकवीसला ते बैठकीत मोठ्याने वाचायचं कबूल केलंय. उशीर केलास, तर मी पुन्हा स्वतःला निर्दोष ठरवीन.

तुझी ताई