इथे होत नाही

२२ जुलै
आणखी एक तक्रार! "तुमच्या लायब्ररीतलं घड्याळ थांबतं." बस्स. ना नमस्कार, ना कुठलं यंत्र ते. खडूस! आमची लायब्ररी पुस्तकांची नव्हे, कोडची. म्हणजे सी भाषेत कुठलाही प्रोग्रॅम लिहा, तळाला लागणाऱ्याच गोष्टी — वेळ मोजणं, अक्षरं जोडणं, मेमरी वाटणं — एवढ्याशा जागेत बसवलेल्या. फुकट. कुणीही न्यावी. नेतात, आणि वर आम्हालाच डोळे वटारतात! तीनदा चालवून पाहिलं. घड्याळ ठणठणीत. "इथे होत नाही" असं लिहून तक्रार बंद केली.

२५ जुलै
आबांनी आज नर्सबाईंना पकडलं. हातात भिंग. आबांच्या कमरेला हृदयाच्या औषधाचा पंप बांधलाय ना, त्याच्या पडद्यावर, माहितीच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लायब्ररीचं नाव आणि खाली माझं. "हे माझ्या पोरीने केलंय!" अहो आबा, सगळा पंप नाही, नुसता पाया. पण ऐकतील तर शपथ! लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

२९ जुलै
खडूसने पुन्हा लिहिलं. "यंत्र बंद करू नका. वाट बघा." नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघं हसलो. किती वाट बघू, म्हातारी होईपर्यंत?

३१ जुलै
भांडी घासता घासता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्र सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा आकडा! जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा — भरला की पुन्हा शून्यावर. आणि आमच्या कोडात ते धरलेलंच नाही, घड्याळ तिथेच अडकणार! मी पाच मिनिटं चालवून बंद करते, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आकडा भरायला एकोणपन्नास दिवस लागतात, आणि वर काही तास. न थांबता. इतके दिवस न थांबता काय चालतं?

आबांचा पंप. बॅटरी बदलतानाही बंद पडत नाही, केवढं कौतुक होतं त्याचं. चौदा जूनला पहाटे लावला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. परवा भरतोय.

१ ऑगस्ट
कंपनीला फोन. पंप एकदा बंद करून सुरू करायला हवा, म्हटलं. "मॅडम, हिरवा दिवा लागलाय ना? मग काळजी नको." अहो, औषध थांबलं तरी तो लागलेलाच राहणार! अर्धा तास घसा कोरडा केला — पालथ्या घड्यावर पाणी. नर्सबाई म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही." बरोबरच आहे त्यांचं. डॉक्टर दिवसभर ऑपरेशनमध्ये. नवरा विचारतो, "नक्की ना?" नक्की असतं तर कालच बंद केला नसता का! चुकले तर? भलत्या वेळी बंद केला आणि पुन्हा सुरूच झाला नाही तर?

आबा मात्र निवांत. "तू म्हणतेस ना? मग कर बंद."

२ ऑगस्ट
सकाळी डॉक्टर स्वतः आले. माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "माझ्यासमोर करा." नर्सबाईंनी नाडी धरली. बटण मी दाबलं. पडदा काळा. आबांनी मला डोळा मारला — अशा वेळी! ओरडावंसं वाटलं. पुन्हा दाबलं. पडदा उजळला. नळीत थेंब सरकला. मग बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

दुपारी दुरुस्ती लिहिली. लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं — आधी यंत्र बंद करून सुरू करा, बाकी नंतर वाचा. खडूसची तक्रार पुन्हा उघडली. त्याला वेगळं लिहिलं : माफ करा. तुम्ही नसता तर माझे वडील गेले असते. तुम्हाला हे कुठल्या यंत्रावर सापडलं?

३ ऑगस्ट
उत्तर आलं.

"आईच्या पंपावर. हिरवा दिवा लागलेलाच होता."