लटकलेला गुण

१४ सप्टेंबर १९३१
नॉर्थम्बरलंडमधल्या थ्रेलकेल्ड घराण्याच्या जहागिरीवर आज रुजू झालो. पन्नाशीच्या, गुडघा गेलेल्या माणसाला कुणी जुन्या, चार भिंतींतल्या टेनिसचे चेंडू शिवायला आणि गुण पुकारायला ठेवतं, हेच नवल. कोर्टाची इमारत देखणी आहे: चार उंच भिंती, वर काचा, आणि भिंतीलगत ते उतरतं लाकडी छप्पर, ज्यावरून सर्व्हिस घरंगळत खाली येते. मालकीणबाई लेडी थ्रेलकेल्ड यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि कारभारी पिनॉकला विचारलं, याचा आवाज तरी टिकाऊ आहे ना. घोडा घेताना दात बघतात, तसं.

१५ सप्टेंबर
आमच्या जुन्या टेनिसमध्ये चेंडूने दोन टप्पे घेतले तरी गुण लगेच ठरत नाही. तो लटकतो. खेळाडू बाजू बदलतात, मग खेळून निकाल लावतात. इथल्या पाटीवर १८९९ सालचा एक गुण अजून लटकतोय! मालकीणबाईंचे यजमान सर जाइल्स विरुद्ध कॅप्टन रोलो. बाजू बदलताना कॅप्टन जाळीपाशी कोसळून मेला. त्याच हिवाळ्यात सर जाइल्सही गेले. तेव्हापासून मार्करने, म्हणजे गुण पुकारणाऱ्याने, रोज अकराला रिकाम्या कोर्टात पुकारायचं, की गुण लटकलेला आहे. पिनॉकने बजावलं, पुकारा आणि गप्प बसा, पाटीला हात लावू नका. मागचे पाच मार्कर शहाणे होते, कुणी पाटीच्या वाटेला गेलं नाही म्हणे.

१९ सप्टेंबर
भिंतींना सलाम ठोकून कंटाळलो. मार्करचा निर्णय अंतिम, आणि आधी गैरहजर झाला, तो हरला. आज गुण सर जाइल्सना देऊन पाटी पुसून टाकली. पिनॉक पांढरा पडला. मालकीणबाई मात्र प्रथमच हसल्या. म्हणाल्या, बत्तीस वर्षं अशाच एका आगाऊ माणसाची वाट पाहत होते.

२० सप्टेंबर
सकाळी छपरावरून चेंडू घरंगळला. टप्पा, ठोका, उलट ठोका. कोर्टात कुणीही नाही. मी गप्प राहिलो, तर चेंडू मार्करच्या खणाच्या खांबात, माझ्या कानाजवळ रुतला. गुण पुकारल्यावरच खेळ पुढे सरकला. बाहेर पडायला गेलो, तर दाराला बाहेरून कुलूप. पलीकडून पिनॉक कुत्र्याला समजवावं तसं म्हणाला, लटकलेला गुण सोडवून खेळ तुम्ही सुरू केलात, आता पुकारा.

२१ सप्टेंबर
मालकीणबाई वरच्या सज्ज्यात विणकाम घेऊन बसल्यात. सोडा म्हणून गयावया केली. म्हणाल्या, जाइल्स इतके छान खेळतायत, मध्येच विघ्न आणू नका. घशासाठी मध पाठवला. डाव संपला, की त्या दुसरा सुरू करायला सांगतात.

२२ सप्टेंबर
घसा सुजलाय. दुपारी एका गुणाला आवाजच फुटला नाही. चेंडूने डाव्या खांद्याचं हाड मोडलं — मारणारा कॅप्टन की सर जाइल्स, कळत नाही. दोघेही नेम धरून मारतात.

२३ सप्टेंबर
नुसती कुजबुज उरली. ती ऐकायला ते जाळीपर्यंत येतात. बुटांचे आवाज — दोन जोड. श्वास नाही.

२४
आवाज गेला. छपरावर चेंडू नाही. विणकामाच्या सुयाही थांबल्या.
मालकीणबाई वरून विचारतायत, मार्कर, गुण कुणाचा. दुसऱ्यांदा. गोड आवाजात.
ओठ हलवतोय — बोटं दाखवली — ते बघत नाहीत, ऐकतात फक्त —
बाजू बदलतायत. एकाचे बूट वाजत पुढे गेले. दुसऱ्याचे माझ्या खणापाशी थांबलेत. तो वाकलाय. थंडगार कान माझ्या तोंडाला टेकवून तो —