जुनी काचपट्टी

प्रिय चिमे,

तू फोनवर विचारलंस, आवाज असा का येतोय. सर्दी झालीय म्हणून थाप मारली. खरं ते बोलायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय.

पंधरा दिवसांपूर्वी लॅबमध्ये एका शिक्षिकेच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. गाठ दगडासारखी टणक, कातडी आत ओढलेली, मॅमोग्राफीत कडा काटेरी. सर्जनने कॅन्सर गृहीतच धरला होता. मायक्रोस्कोपखाली काचपट्टीवर मात्र मोठ्या पेशी दिसल्या, आत बारीक वाळू भरल्यासारख्या दाणेदार. मी खास रंग देऊन पाहिलं. मज्जातंतूंच्या आवरणातून वाढणारी साधी गाठ निघाली. फार क्वचित होणारी, कॅन्सरचं सोंग घेणारी. तेवढी काढली की झालं. रिपोर्ट घ्यायला आलेली ती बाई माझा हात धरून रडली. मी मात्र पुन्हा मायक्रोस्कोपकडे गेले. त्या पेशी मी आधी पाहिल्या होत्या.

तुझी गाठ तपासायची होती तेव्हा आमचे मोठे डॉक्टर रजेवर होते. आपल्या माणसाची तपासणी आपण करू नये, हे मला कळत होतं. पण तू म्हणालीस, "ताई, तूच बघ. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." मी घाबरलेल्या डोळ्यांनी बघितलं. तो खास रंग तेव्हा आमच्याकडे नव्हता. तुकडा बाहेर पाठवता आला असता, आठवडा लागला असता. मला दम निघाला नाही. कॅन्सर लिहून सही केली. पुढे काढलेल्या स्तनातही मला तेच दिसलं, जे मी आधीच ठरवून बसले होते.

तू कित्येक महिने आरशावर टॉवेल टाकून ठेवायचीस. केस गळाले तेव्हा "फणी आता तूच घेऊन जा" म्हणून उलट मलाच हसवलंस. सगळे म्हणायचे, थोरलीने धाकटीला वाचवलं.

शुक्रवारी तुझा जुना नमुना तळघरातून काढून तोच रंग दिला. बाहेरच्या दोन डॉक्टरांना दाखवला. शंकेला जागा नाही. चिमे, तुला कॅन्सर कधी झालाच नव्हता.

हेही मी गिळून टाकलं असतं, इतकी मी भित्री आहे. पण काल तुझी लेक मला म्हणाली, "मावशी, मी लग्न करणार नाही. आईचा रोग पोटच्या पोरांना कशाला देऊ?" ज्याच्याशी लग्न ठरत होतं त्या मुलाला तिने नकार कळवलाय, तुला अजून सांगितलेलं नाही. तू माझं तोंड पाहू नकोस, तक्रार कर, साक्ष मीच देईन. पण आधी हे पत्र तिच्या हातात दे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
ताई