मोजणीच्या दिवशी जरा जास्तच गर्दी झाली

प्रिय दोस्त बिरप्पा यास महबूबचा सलाम, आणि विजयमालेला दुवा.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. मोबाईल बघायला डॉक्टरांनी मना केलंय म्हणून पत्र लिहितोय, लेक विजयमाला वाचून दाखवेल. मेंढरं खुशाल आहेत. (एक मेंढा माझ्या टपरीतली बिस्किटं खाऊन जास्तच खुशाल आहे.)

आपलं स्टेशन नवं बांधायचं की कायमचं बंद करायचं, हे ठरवायला मंगळवारी एक साहेब उतारू मोजायला येणार होते. सकाळच्या पॅसेंजरला आपल्याकडं माणसं चार, तीही मला धरून, आणि मी तर चहा विकायला जातो. स्टेशन बंद म्हणजे माझी वीस वर्षांची टपरी बंद. मग डोकं चालवलं. काशीहून असो की मक्केहून, कुणी परतलं की अख्खा गाव हार घेऊन स्टेशनावर जातो, हे तुला ठाऊकच. माझी थोरली बहीण जाहिदाआपा नेमकी त्याच गाडीनं यायची होती. मी गावभर सांगितलं, आपा मक्केहून उमरा करून येतेय. (ती गुलबर्ग्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. लांब ते लांबच.)

गाव लोटला. हलगी आली. आपा उतरली ती हारांत बुडालीच. नागव्वानं पाया पडून खजूर मागितला, आपानं गोंधळून डिंकाचा लाडू दिला. "क्या लगाया रे ये, महबूब?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण गावाला खरंही सांगत नाही. लोक पाया पडतात ते तिला आवडू लागलंय.

साहेबांनी चारशे बारा माणसं मोजली. म्हणाले, एवढी गर्दी या फलाटावर मावायची नाही. आणि नवं स्टेशन चार किलोमीटर पुढं, रुळालगतच्या मोकळ्या माळावर दाखवलं. तो माळ तुझा. खोटं कशाला सांगू, टपरीमागं जाऊन रडलो.

माळ देऊ नकोस. साहेब सोमवारी बघायला येणार, त्याआधी गावाकडं ये. माझ्या टपरीचा यात काही संबंध नाही, मला फक्त तुझ्या मेंढरांची काळजी.

तुझा,
महबूब

ता. क. – विजयमाला, पुढचं वाचण्याआधी आईला चहा ठेवायला पाठव. (फुलाबाईला कळलं की आपाला कळतं.) बिरप्पा, माळ द्यावाच लागला, तर नव्या स्टेशनाच्या दारालगतची दहा बाय दहा जागा माझ्यासाठी धरून ठेव.

आणखी एक – आत्ताच समजलं, आपानं काल फुलाबाईला फोन करून तीच जागा हारांच्या दुकानासाठी मागितली. असल्या लबाड बाईला अजिबात देऊ नकोस. ती मक्केला गेलीच नव्हती.