कठडा वर होता

३ ऑगस्ट
आज माझ्या अहवाललेखनाच्या वर्गात सव्वीस मुली कानाला हेडफोन लावून आपापलं लिखाण ऐकत होत्या. सगळ्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या. आपलं आपण वाचलं की डोळे राहिलेला शब्दही मनाने भरून घेतात — संगणक मात्र लिहिलंय तेवढंच वाचतो. ‘चादर बदलून रुग्णाला धुवायला टाकले.’ हे ‘घाई’चं वाक्य. (सगळं भरभर लिहिते, म्हणून मैत्रिणींनी तिचं हे नाव पाडलंय.) स्वतःच इतकी हसली की ठसका लागला.

५ ऑगस्ट
ताईकडे जेवले. हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळून तिचे पाय सुजतात. निवृत्तीला आठ महिने राहिलेत.

९ ऑगस्ट
दुपारी घाई एकटीच आली. काल ताईच्या वॉर्डात एक आजोबा पलंगावरून पडले, खुबा मोडला. ड्यूटी घाईची. अहवाल शुद्ध करायचा होता. हेडफोन लावून तिने तो तीनदा ऐकला, मग हेडफोन काढून ठेवला.
“बाई, चूक सापडत नाही. पण असं झालंच नव्हतं.”
‘पलंगाचा कठडा वर होता’ असं लिहिलं होतं. कठडा वर राहतच नव्हता. तो अडकवायची खिटी तुटलेली.
“मग असं का लिहिलंस?”
“सिस्टर म्हणाल्या, असंच लिही.”
सिस्टर म्हणजे माझी ताई.
मी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, “भाषा ठीक आहे. देऊन टाक.”
ती ‘बरं’ म्हणाली. माझ्याकडे न बघता.

१० ऑगस्ट
वर्ग घेतला. काय शिकवलं, आठवत नाही.

१४ ऑगस्ट
चौकशी लागली. कठडा वर होता, तर खाली कुणी केला? ड्यूटी कुणाची? — घाईची. तिला घरी बसवलंय. कॉलेजमधून नाव काढून टाकतील म्हणतात. मी देऊन टाक म्हटलं, त्याच वाक्यात पोर अडकली.

१५ ऑगस्ट
ताईकडे गेले. ती भाजी निवडत होती.
“खिटी तुटली होती ना?”
“चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. कुठे कुठे बघू?”
“पोरीचं वर्ष जाईल, ताई.”
“तिचं सगळं आयुष्य पडलंय पुढे. माझी पेन्शन अडकली तर? तू यात पडू नकोस.”
आई गेल्यावर हिनेच मला शिकवलं. माझी पहिली फी हिच्या पहिल्या पगारातली. उठले. चप्पल घालताना तिने डबा हातात दिला, नेहमीसारखा.

१७ ऑगस्ट
चौकशीसाठी निवेदन लिहिलं. घाई माझ्याकडे आली होती, काय म्हणाली, मी काय सांगितलं — सगळं. रिकाम्या वर्गात संगणकाला वाचायला लावलं. ‘माझ्या मते कदाचित’ असं चार ठिकाणी निघालं! चारही खोडले. ताईचं नाव आलं तेव्हा संगणकाचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ते वाक्य मी पुन्हा ऐकलं.

१८ ऑगस्ट
सकाळी चौकशीच्या खोलीबाहेर गेले, तर बाकावर ताई. युनिफॉर्म नाही, साधी साडी. आत जाऊन आली होती.
“सांगितलं सगळं,” म्हणाली. “तू जा घरी. पोरीला फोन कर.”
शिपायाकडे माझं नाव दिलं आणि तिच्याशेजारी बसले. नाव पुकारल्यावर माझा कागद घेऊन आत गेले.